जुनी मोझॅक फरशी काढून टाइल्स : खर्च नक्की किती येतो?

ओंजळ | सोमवार, सकाळी १०.४२

मंडळी, सल्ला हवाय.

आईचं घर पुण्यात सहकारनगरला आहे. १९८६ची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोन बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर. संडास-बाथरूम सोडलं तर फरशी साधारण ५६० चौरस फूट. सगळीकडे जुनी मोझॅक आहे, दहा बाय दहा इंची, पांढऱ्यावर हिरवी-काळी खडी. हॉलमध्ये पाच-सहा फरश्यांना तडे गेलेत आणि ओट्यासमोरच्या पट्ट्याची तर पार रया गेलीय. दिवाळीच्या आत सगळं काढून टाइल्स बसवाव्यात असं भावाच्या आणि माझ्या मनात आहे. आई म्हणते, "बघू." तिच्या ‘बघू’चा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना कळतो.

तीन ठेकेदार येऊन गेले. पहिला १ लाख ४५ हजार म्हणाला, दुसरा २ लाख १० हजार. तिसऱ्याने टेपसुद्धा काढली नाही, दारात उभं राहून ३ लाख ३५ हजार सांगितले. तिघांचंही म्हणणं, "ताई, मटेरियलसकट." एकाच घरासाठी एवढा फरक कसा पडतो? आणि दुसरं म्हणजे जुन्या फरशीवरच नवीन बसवतात म्हणे, ते करावं का?

चहाटळ | सोमवार, ११.०५

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही हाच विषय चालू आहे, फक्त ‘बघू’ म्हणणारी व्यक्ती बायको आहे.

जुनाखांब | सोमवार, ११.२०

तिसऱ्याने टेप काढली नाही कारण त्याने फरशी मोजलीच नाही. तुमचा सोफा मोजला.

ओळंबा | सोमवार, दुपारी १.५०

याच धंद्यात आहे, पण पुण्यात काम घेत नाही, तेव्हा मोकळेपणाने लिहितो.

सगळे टाइलचा भाव विचारतात, आणि टाइल हा बिलाचा तिसरा हिस्सा असतो. तुमचंच घर धरू. ५६० फुटांवर आठ टक्के तोडफोड-कटिंग धरलं की ६०५ होतात. दोन बाय दोनच्या एका बॉक्समध्ये चार टाइल, म्हणजे साडेपंधरा फूट (टाइल नावाला दोन फुटी, प्रत्यक्षात किंचित कमी). ४० बॉक्स घ्या. मध्यम प्रतीची व्हिट्रिफाइड ५५ रुपये फूट, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६५ पडली. झाले ४०,३००.

आता बाकीचं. जुनी फरशी फोडणं फुटाला १५ रुपये, म्हणजे ८,४००. फोडलेला माल गोण्यांत भरून तीन मजले उतरवणं आणि टेम्पो, १५,७५०. खालचा दोन इंची थर नवीन करायचा तर एक ब्रास (शंभर घनफूट) कच म्हणजे दगडाची बारीक भुकटी, पंधरा पोती सिमेंट आणि ते वर चढवण्याची मजुरी मिळून १६,२००. चिकटवायला ॲढेसिव्ह १३ गोण्या, ५,८५०. बसवण्याची मजुरी ४० रुपये फुटाने २२,४००. स्कर्टिंग, म्हणजे भिंतीलगतची चार इंची पट्टी, दोनशे फूट धावते, तिचे ९,४००. ग्राउट, म्हणजे टाइलमधले सांधे भरायचा माल, ४,०००.

बेरीज १,२२,३००. त्यावर ठेकेदाराचं पोट. म्हणजे तुमचा १ लाख ४५ वाला लुटत नाहीये. मात्र त्याला लेखी विचारा की राडारोडा उचलणं आणि स्कर्टिंग त्यात धरलंय का. निम्मी भांडणं या दोन शब्दांवरून होतात. फरशी फोडून झाल्यावर "ताई, डेब्रिजचं वेगळं" ऐकू येतं, आणि तोवर तुम्ही कोब्यावर उभ्या असता. कुठे जाणार?

३ लाख ३५ वाल्याने बहुधा चार बाय दोनची मार्बल छापाची महागडी टाइल धरली असेल, नाहीतर बाथरूमही. किंवा जुनाखांब म्हणतात तसं.

तिकीटघर | सोमवार, दुपारी ३.१२

ओळंबा यांचा हिशोब पटला, पण गोण्यांचं प्रकरण त्यांनी एका वाक्यात उडवलं. माझं घर ५०० फुटांचं, दुसरा मजला. माल किती निघेल याची कल्पना नव्हती. जुनी फरशी इंचभर जाड, खाली दोन इंच चुना-रेतीचा थर. गोणीमागे ठरवलं होतं म्हणून जिन्यात खुर्ची टाकून मोजत बसलो. २३७ गोण्या. त्या हिशोबाने तुमच्या ५६० फुटांतून आठेक टन माल निघेल. बिगारी गोणी पूर्ण भरत नाही, अर्ध्याहून थोडी जास्त भरतो. पहिल्या दिवशी मी त्याला "भर की जरा" म्हणालो. त्याने काही न बोलता एक गोणी काठोकाठ भरली आणि माझ्यासमोर ठेवली. मला ती जमिनीवरून उचलता आली नाही. पुन्हा तोंड उघडलं नाही.

आणि टेम्पो कुठे जातो तेही विचारा. आमचा टेम्पोवाला वीस मिनिटांत रिकामा होऊन परत यायचा. वीस मिनिटांत नदीकाठच फक्त जवळ आहे. बांधकामाच्या राडारोड्यासाठी २०१६ पासून केंद्राचे वेगळे नियम आहेत, पुणे महापालिकेचा वाघोलीला प्रक्रिया प्रकल्पही आहे. मुंबईत महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. शोधायचा कंटाळा मी केला, तुम्ही करू नका.

रेवती_ठाणे | सोमवार, दुपारी ४.००

५६० फुटांच्या घरातून आठ टन माल निघतो हे वाचून धसकाच घेतला. इतकी वर्षं आपण हे डोक्यावर (म्हणजे खालच्यांच्या डोक्यावर) घेऊन राहतोय?

ओळंबा | सोमवार, दुपारी ४.१५

हो. आणि म्हणूनच जुन्यावर नवीन बसवताना लोक ‘बिल्डिंगला वजन होईल’ म्हणून घाबरतात. व्हिट्रिफाइड आणि ॲढेसिव्ह मिळून फुटाला अडीच किलोच्या आत येतं. ५६० फुटांना सव्वा टन. स्लॅब धड असेल तर एका घराचं एवढं चालतं. पण खालपासून वरपर्यंत सगळ्यांनी तेच केलं, किंवा आधीच कुणीतरी एक थर चढवलेला असेल, तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नये. गळक्या, सळया दिसणाऱ्या स्लॅबवर तर मुळीच नाही.

पैशांचं म्हणाल तर फोडणं, उचलणं, नवा थर, हे ४०,३५० वाचतात. दारं खालून कापावी लागतात, पाच दारांचे दोन हजार धरा. म्हणजे १,२२,३०० चे ८४ हजारांवर येतात.

अपरांत | सोमवार, रात्री ९.३०

थांबा, थांबा. जुन्यावर नवीन बसवलेल्याची कहाणी ऐका आधी.

मुंबईत भाड्याच्या घरात होतो. मालकाने आम्ही येण्याआधी जुन्या लादीवर चकाचक टाइल्स बसवल्या होत्या. मे महिना, रात्रीचे दोन. हॉलमधून धाडकन आवाज. मला वाटलं सिलिंडर. बायकोला वाटलं चोर. मी झाडू घेऊन बाहेर आलो (सिलिंडरसाठी की चोरासाठी, माहीत नाही), तर हॉलच्या मधोमध दोन टाइल्स एकमेकींना डोकं टेकवून तंबूसारख्या उभ्या! बघता बघता तिसरी कट्ट करून उचलली गेली. सकाळपर्यंत सात. खाली बघितलं तर टाइलची पाठ कोरी करकरीत, जशी दुकानातून आणली तशी. सगळं सिमेंट खालीच.

ओळंबा | सोमवार, रात्री ९.५५

नेहमीची केस. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्ध्या टक्क्याच्या आत. जुनी सिरॅमिक किंवा मोझॅक सिमेंटचं पाणी पिऊन त्याला धरून बसायची. हिला नुसतं सिमेंटचं दूध ओतून बसवलं तर ती फक्त टेकते, धरत नाही. त्यात मिस्त्री ‘जॉइंटलेस’ म्हणून टाइलला टाइल खेटून बसवतो, कारण गिऱ्हाइकालाच रेघ नको असते. उन्हाळ्यात फरशी फुगते, सरकायला जागा नाही, मग तंबू.

म्हणून टाइल ॲढेसिव्ह, तेही जुन्या फरशीवर चालेल त्या प्रकारचं (गोणीवर आयएस १५४७७ हा मानक क्रमांक आणि प्रकार लिहिलेला असतो), टाइलमध्ये फट ठेवायला दोन मिलिमीटरचे स्पेसर, आणि भिंतीलगत थोडी फट, जी स्कर्टिंगखाली झाकली जाते. जुनी फरशी आधी टिचकी मारून तपासायची. जिथे पोकळ वाजेल तिथली काढायची. चकचकीत असेल तर ग्राइंडरने खरवडून घ्यायची.

जुनाखांब | सोमवार, रात्री १०.१०

टाइल नुसती टेकते, धरत नाही. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखी.

सावंतवाडीकर | मंगळवार, सकाळी ७.४०

आमच्या गावच्या घरात माजघराला लाल कोबा होता. लाल रंग घालून घोटलेला, खोबरेल तेलाने पुसून पुसून आरसा झालेला. काकाने मुंबईहून येऊन त्याच्यावर पांढऱ्याशुभ्र टाइल्स मारल्या. गावात बघायला लोक आले. पहिला पाऊस पडला, दमट हवा, फरशीला असा घाम सुटला की पायांचे ठसे उठायला लागले. आजी देवापुढून उठली ती थेट बसलीच. "पडलंय रे!" ही तिची हाक अजून कानात आहे. हाड मोडलं नाही, नशीब. दुसऱ्या दिवसापासून पांढऱ्या टाइल्सवर गोणपाट. लोक यायचे ते गोणपाट बघायचे.

ओंजळ, आईचं वय काय? चकचकीत घेऊ नका एवढंच सांगेन.

ओंजळ | मंगळवार, सकाळी ९.१५

आई चौऱ्याहत्तर. आणि अजूनही भाजी निवडायला जमिनीवर मांडी घालून बसते, खुर्चीत बसून निवडली तर भाजी नीट निवडली जात नाही असं तिचं मत आहे. ओळंबा, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल खूप आभार. पहिल्या ठेकेदाराला विचारलं. राडारोडा धरलेला, स्कर्टिंग ‘बघून घेऊ’. तिकीटघर, खुर्ची टाकून मोजायची आयडिया भावाला सांगितली, तो म्हणाला मी बंगळुरूहून मोजू का.

नेवार्ककाकू | मंगळवार, संध्याकाळी ६.५०

तुमचं राडारोडा पुराण वाचून माझं कार्पेट पुराण आठवलं. न्यू जर्सीत घर घेतलं, १९५०च्या दशकातलं, वरच्या मजल्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट. लेकीला धुळीची ॲलर्जी. नवीन कार्पेट पॅडसकट बसवून फुटाला पाच डॉलर सांगितले. व्हायनल फळ्यांचेही मटेरियल-मजुरी धरून साधारण तेवढेच.

नवरा म्हणाला आधी कोपरा उचकटून खाली काय ते तर बघू. पक्कड लावून कोपरा ओढला, खाली अख्खं ओकचं लाकूड! त्या काळच्या कितीतरी घरांत असंच आहे म्हणे, चांगल्या लाकडावर नंतर कुणीतरी कार्पेट अंथरलेलं. मग दोन शनिवार-रविवार आम्हीच ते उचकटलं. कार्पेट काढणं सोपं हो, कटरने तीन-तीन फुटांच्या पट्ट्या कापायच्या आणि गुंडाळायच्या. त्रास देतात त्या खालच्या स्टेपल पिना, आणि भिंतीलगत वर टोकं असलेल्या खिळ्यांच्या पट्ट्या. गुडघे टेकून एकेक पिन उपटली. खाली निघालेली वाळू बघून मी त्या दिवशी जेवले नाही. माणसाला पाच डॉलर फुटाने घासून पॉलिश करून घेतलं, सहाशे फुटांचे तीन हजार. रुपयांत करू नका, मी केले होते, झोप उडाली.

इकडच्यांना एक सांगते, तळघरात नऊ बाय नऊ इंची जुन्या व्हायनल टाइल्स असतील तर हातोडा घालू नका. १९८०च्या आधीच्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. आधी तपासून घ्या.

चहाटळ | मंगळवार, संध्याकाळी ७.०५

म्हणजे तिकडे कार्पेट काढलं तर खाली खजिना. आमच्याकडे जाजम उचललं की खाली झुरळ.

रेवती_ठाणे | मंगळवार, रात्री ८.१५

थोडं अवांतर: पुण्याचे लोक फरशी म्हणतात आणि आम्ही लादी, हे सोडून इतकं एकमत असलेला धागा पहिल्यांदाच बघतेय.

अपरांत | मंगळवार, रात्री ८.२२

लादीच बरोबर. लादीपाव असतो, फरशीपाव कुणी ऐकलाय?

जुनाखांब | मंगळवार, रात्री ८.३०

फरशी पुसतात, लादीही पुसतात, पण ‘फरशी’ म्हटलं की डोळ्यासमोर शहाबादी येते. दोन बाय दोनची, राखाडी, न्हाणीघरासमोर. उन्हाळ्यात पाणी मारून तिच्यावर झोपायचो.

दगडाला आपण गावाच्याच नावाने हाक मारतो बघा. शहाबादी कर्नाटकातल्या शहाबादची, ओट्याचा कडप्पा आंध्रातल्या कडप्प्याचा, कोटा राजस्थानातल्या कोट्याचा. देशातल्या बहुतेक टाइल्स गुजरातेतल्या मोरबीच्या, पण बॉक्सवर नाव इटालियन. बिचाऱ्या मोरबीला ‘मोरबी’ म्हणायला कुणी तयार नाही.

वामकुक्षी | मंगळवार, रात्री १०.४०

सगळा धागा वाचला. एक गोष्ट कुणीच विचारली नाही. मुळात बदलायची का?

माझी स्वतःची मोझॅक १९७९ची आहे. चार वर्षांपूर्वी माझ्याही मुलांनी हेच घोडं पुढे दामटलं होतं. मी एका जुन्या पॉलिशवाल्याला बोलावलं. तो आला, गुडघ्यावर बसला, कोपऱ्यातल्या फरशीवर पाणी टाकलं, हातातल्या दगडाने दोन मिनिटं घासलं आणि फडक्याने पुसलं. बशीएवढा गोल तुकडा असा उघडला की मुलगा म्हणाला, "हा रंग होता हिचा?"

मोझॅकमध्ये संगमरवराची खडी असते आणि वरचा थर चांगला आठ-दहा मिलिमीटरचा असतो. तीस-चाळीस वर्षांत झिजते ती जेमतेम वरची कातडी. मशीनला आधी जाड दगड लावतात, मग मध्यम, मग बारीक, मधल्या बारीक भोकांत त्याच रंगाचं सिमेंट भरतात, शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पूड टाकून चमक आणतात. फुटाला तीस-पस्तीस रुपये. छापलेली टाइल एकदा ओरखडली की संपली, तिला घासता येत नाही. मोझॅकला तुमच्या नातवंडांपर्यंत घासा.

तोटेही सांगतो. तीन दिवस घरात ओला राखाडी चिखल असतो. तो मोरीत जाऊ दिलात तर नहाणी ट्रॅप जाम झालाच म्हणून समजा. सुपडीने गोळा करून बादलीत भरायचा. कडेला मशीन पोचत नाही, तिथे हाताने घासावं लागतं, तिथेच चालूपणा होतो, उभं राहा. आणि ज्या फरशा दबल्यात किंवा पोकळ वाजतात त्या आधी काढून बसवून घ्याव्या लागतात.

कोरी_पाटी | बुधवार, सकाळी ९.००

वामकुक्षी, मान्य, पण उद्या घर विकायचं झालं तर? गिऱ्हाईक मोझॅक बघून भाव पाडतो. मी स्वतः घर घेताना पाडला होता.

वामकुक्षी | बुधवार, सकाळी ९.३०

पाडलात, घर घेतलंत, मग सगळं फोडून स्वतःच्या आवडीच्या टाइल्स बसवल्यात. बरोबर? मग विकणाऱ्याने आधी दीड लाख घालून बसवल्या असत्या तर तुम्ही त्याही फोडल्या असत्या.

कोरी_पाटी | बुधवार, सकाळी ९.३४

...हो. रंग आवडला नसता.

तिकीटघर | बुधवार, सकाळी १०.१०

मी टाइल्स बसवून पस्तावलो असं नाही हं. आमची मोझॅक नव्हती, साधी सिमेंटची फरशी होती, खचलेली, गोटी सोडली की सगळी घरभर फिरून मोरीत जायची. तिथे पॉलिश काय करणार? तेव्हा सगळ्यांनाच पॉलिश करा म्हणून सांगू नका.

तेवढ्यात टाइल्स घेणाऱ्यांना एक: चार-पाच टाइल्स जास्तीच्या घेऊन माळ्यावर टाका. दोन वर्षांनी आमची पाइपलाइन फुटली, तीन टाइल्स फोडल्या. दुकानदार म्हणाला हे डिझाइन बंद झालं. आता तिथे वेगळ्याच तीन टाइल्स आहेत आणि त्यांच्यावर कायमचं पायपुसणं. बॉक्सवरचा बॅच नंबरही सगळ्या बॉक्सवर एकच आहे ना ते बघा, नाहीतर अर्ध्या हॉलचा पांढरा आणि उरलेल्याचा पांढरा, दोन वेगळे.

ओळंबा | बुधवार, दुपारी २.००

वामकुक्षींना अनुमोदन. धंद्याच्या विरुद्ध बोलतोय, पण ओंजळ, जमिनीवर बसणारी चौऱ्याहत्तरची आई आणि धड मोझॅक असेल तर मी हात लावला नसता. तडे गेलेल्या पाच-सहा फरशांसाठी तशीच फरशी बाजारात शोधत फिरू नका, डिझाइन जुळलं तरी रंग जुळत नाही. तुमच्याच घरात शोधा. भिंतीतल्या कपाटाखाली, ओट्याखाली, माळ्याखालच्या खणात. तिथल्या काढून हॉलमध्ये लावायच्या आणि तिथे साधं सिमेंट.

ओंजळ | बुधवार, रात्री ९.४५

आईला हा अख्खा धागा वाचून दाखवला. सावंतवाडीकरांच्या आजीला ती खूप हसली आणि मग म्हणाली, "हाड मोडलं असतं म्हणजे?" त्यानंतर बराच वेळ गप्प.

मग कळलं की ‘बघू’मागे काय होतं. १९८६ला बिल्डरने दोन नमुने दाखवले होते, हिरव्या खडीचा आणि पिवळ्या खडीचा. बाबांना पिवळा हवा होता. पंधरा दिवस घरात बोलणं बंद. शेवटी हिरवी आली. "जिंकून आणलेली फरशी आहे ती," म्हणाली.

भाऊ अजून टाइल्सवरच अडून आहे. पॉलिशवाल्याला शनिवारी बोलावलंय.

जुनाखांब | बुधवार, रात्री ९.५०

पंधरा दिवसांचा अबोला हा खर्च ओळंबांच्या हिशोबात धरलेला नव्हता.

ओंजळ | पाच आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ११.३०

धागा वर काढतेय. झालं एकदाचं.

पॉलिश केलं. खर्च मांडते, कुणाला उपयोग होईल. ५६० फूट, ३२ रुपयांनी १७,९२०. स्कर्टिंग हाताने, दोनशे फुटांचे ३,०००. मिस्त्री आणि बिगारी एक दिवस, २,२००. फर्निचर हलवायला दोन मुलं दोन दिवस, ३,२००. आणि ६०० रुपये प्लंबरला, कारण वामकुक्षी, तुम्ही बजावूनही दुसऱ्या दिवशी मी भाजी आणायला गेले तेव्हा त्या पोराने एक बादली मोरीत ओतलीच. एकूण २६,९२०.

ओळंबा, बेडरूमच्या भिंतीतल्या कपाटाखाली नऊ फरश्या मिळाल्या. काढताना दोन फुटल्या, सात हॉलमध्ये बसल्या. गंमत म्हणजे त्या कधी झिजल्याच नव्हत्या, बसवल्यावर त्याच वेगळ्या, कोऱ्या दिसत होत्या. मिस्त्री म्हणाला, "मशीन फिरू द्या, सगळ्या बहिणी होतील." झाल्या. नीट बघितलं तरच कळतं.

सगळं छान झालं असं नाही. ओट्यासमोरचा पट्टा बराच उजळला, पण उभं राहायची जागा अजून किंचित खोलगट आहे, पाणी सांडलं की तिथेच थांबतं. ती पातळी आणायची तर अख्खं स्वयंपाकघर घासून खाली न्यावं लागलं असतं. आणि मशीनच्या चिखलाचे शिंतोडे भिंतींवर फूटभर उडालेत. प्लास्टिक लावलं होतं, पुरलं नाही.

आरशासारखी चमक मुद्दामच नको म्हटली, शेवटचा हात हलका मारायला लावला. आईने पहिल्या दिवशी अनवाणी सगळ्या खोल्यांतून फिरून पाहिलं, मग हॉलमध्ये बसून गवार मोडायला घेतली. भाऊ व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "ही टाइल कुठली घेतली?"

वामकुक्षी | रविवार, दुपारी १२.००

तो ६०० रुपयांचा आकडा वाचून डोळे पाणावले. फोटो टाका.

ओंजळ | रविवार, दुपारी १२.१०

आई म्हणते भिंती रंगवल्याशिवाय फोटो नाही. रंगाऱ्याने आज ४८ हजार सांगितलेत. दारात उभं राहून.

चहाटळ | रविवार, दुपारी १२.४०

रुमाल उचलतो. बायकोला धागा दाखवला. म्हणाली, "बघू."

नवखा_२२ | दोन महिन्यांनंतर

नमस्कार, मी नवीन सभासद. ८०० चौ. फूट घराची फरशी बदलायची आहे. अंदाजे खर्च किती येईल? कृपया लवकर कळवावे.

ओळंबा | दोन महिन्यांनंतर

कितवा मजला? लिफ्ट आहे का?